हे कायद्याला धरून आहे का?



"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यात तथ्य आहे. कोर्टात वेळ जातो, पैसा जातो, मनस्ताप होतो. पण पुष्कळ लोक या म्हणीचा भलताच अर्थ घेतात. कायद्याकडे बघायचेच नाही, ते वकिलाचे काम, असे म्हणून ते गप्प बसतात. मग गावात जो मोठ्याने बोलेल त्याचा शब्द हाच कायदा होतो. आणि शेवटी कोर्टाची पायरी चढावी लागते ती या गप्प बसणाऱ्यांनाच.

शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही प्रौढांच्या वर्गात शिकवतो. वर्ग सुटला की दोघे-चौघे मागे रेंगाळतात आणि हळूच विचारतात, "गुरुजी, असं केलेलं चालतं का?" त्यांतले काही नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे या पाठात दिली आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. 'चालते' आणि 'कायद्याला धरून आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावात पूर्वापार चालत आले म्हणून एखादे काम कायदेशीर होत नाही. तसेच, सगळे नाके मुरडतात म्हणून एखादे काम बेकायदेशीरही ठरत नाही. दोन्ही गोष्टी पुढे दिसतील.

प्रश्न १. मी सही केली नाही, नुसता अंगठा दिला. मग मी बांधलेला नाही ना?

बांधलेले आहात. कायद्यात सहीला जी किंमत तीच अंगठ्याला. "मला वाचून दाखवले नाही, मला फसवले" असे कोर्टात सांगता येते. पण नुसते सांगून भागत नाही, ते सिद्ध करावे लागते. आणि सिद्ध करणे फार अवघड असते.

कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही देणे याहून वाईट. त्यावर पुढे काय लिहिले जाईल ते तुमच्या हाती राहत नाही. "विश्वास नाही का आमच्यावर?" असे कोणी म्हटले, तर नम्रपणे सांगा, "विश्वास आहे. म्हणूनच आधी लिहा, मग सही करतो."

आता तुम्हाला वाचता येते. सावकाश वाचाल, अक्षरावर बोट ठेवून वाचाल, पण वाचाल. समोरचा घाई करील. "साहेब उठतील, गाडी चुकेल" असे म्हणेल. गाडी उद्याही मिळते, गेलेली जमीन मिळत नाही. कागदात कोरी जागा राहिली असेल तर तिच्यावर आडवी रेघ मारा. सही करून झाल्यावर कागदाची एक नक्कल मागून घ्या.

प्रश्न २. स्टॅम्पपेपरवर लिहून, पाच पंचांच्या सह्या घेऊन जमीन विकत घेतली. चालते का?

नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची जमीन किंवा घर विकायचे तर खरेदीखत नोंदवावेच लागते. हा १८८२ सालापासूनचा कायदा आहे. नोंदणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत होते. सह्या झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत कागद तेथे दाखल करायचा असतो. स्टॅम्पपेपर म्हणजे सरकारला भरलेले शुल्क. नोटरीचा शिक्का म्हणजे सही कोणी केली याची खूण. यांतल्या कशानेही जमिनीची मालकी बदलत नाही. पंच कितीही भले असले, तरी त्यांच्या सह्यांनीही ती बदलत नाही.

खरेदीनंतर गावच्या दप्तरात फेरफार नोंद होते. ती तलाठी करतात. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. फेरफाराची नोटीस आली तर ती कोनाड्यात टाकू नका. हरकत घ्यायची असेल तर १५ दिवसांची मुदत असते. वर्षातून एकदा आपल्या सातबाराचा उतारा काढून स्वतः वाचावा. आपले नाव, क्षेत्र आणि 'इतर हक्क' हा रकाना नीट पाहावा. उतारा आता संगणकावरही पाहता येतो.

प्रश्न ३. सावकार म्हणतो, "जमिनीचे खरेदीखत करून दे. पैसे फेडलेस की परत लिहून देतो." करून द्यावे का?

देऊ नये. या एका कागदाने कितीतरी घरांची जमीन गेली आहे. तुम्ही मनात म्हणता, मी जमीन गहाण ठेवली. कागद म्हणतो, मी जमीन विकली. जमीन परत देण्याची अट त्याच कागदात लिहिलेली नसेल, तर कायदा त्या व्यवहाराला गहाण मानत नाही. तोंडी वचन तोंडातच राहते.

आता सावकारीचा कायदा पाहू. महाराष्ट्रात २०१४ सालापासून नवा सावकारी कायदा आहे. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणे हा गुन्हा आहे. त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्याजाचा दरही सरकार ठरवते. २०१४ साली शेतकऱ्यासाठी ठरवलेला दर असा होता: तारण असेल तर वर्षाला शेकडा ९, तारण नसेल तर वर्षाला शेकडा १२.

थोडे गणित करू. दहा हजार रुपये वर्षाला शेकडा १२ दराने घेतले, तर वर्षाचे व्याज १,२०० रुपये होते. तेच दहा हजार "महिना पाच टक्के" दराने घेतले, तर महिन्याला ५०० आणि वर्षाला ६,००० रुपये होतात. 'पाच' हा आकडा कानाला बारापेक्षा लहान लागतो. म्हणून सावकार महिन्याचा दर सांगतो. दर महिन्याचा की वर्षाचा, हे आधी विचारा.

दामदुपटीचा जुना नियमही या कायद्यात आहे. मुद्दल जेवढे, त्याहून जास्त रक्कम व्याज म्हणून सावकाराला वसूल करता येत नाही. दहा हजारांवर व्याज दहा हजारांपलीकडे जाऊ शकत नाही.

आणि जमीन आधीच गेली असेल तर? बेकायदेशीर सावकारीत जमीन गेली असेल, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे अर्ज करता येतो. अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांतला व्यवहार असेल, तर ते चौकशी करतात. सावकारीचा व्यवहार ठरला, तर जमीन परत देण्याचा हुकूम ते करू शकतात. म्हणून पैसे दिल्याघेतल्याची प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक पावती जपून ठेवा. सावकाराने पावती दिली नाही, तर आपल्या वहीत तारीख घालून लिहून ठेवा. लिहायला शिकल्याचा हाही एक उपयोग आहे.

प्रश्न ४. वडील वारले. भावाने साडीचोळी केली आणि म्हणाला, "ताई, इथं सही कर." करावी का?

हा प्रश्न बायका सर्वांत शेवटी, सगळे गेल्यावर विचारतात. म्हणून त्याचे उत्तर नीट देतो.

तो कागद बहुधा हक्कसोड पत्राचा असतो. त्यावर सही केली आणि तो नोंदवला गेला, की त्या मिळकतीतला बहिणीचा हिस्सा संपतो. पुढे "मला कळले नाही" म्हणून तो परत मिळवणे सोपे नसते.

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांत वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. २००५ साली कायद्यात तशी दुरुस्ती झाली. वडील २००५ च्या आधी वारले असतील तरीही मुलीचा हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट सांगितले. मुलगी लग्न होऊन सासरी गेली म्हणून हा हक्क जात नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत. इतर धर्मांचे आणि आदिवासींचे वारसा नियम वेगळे आहेत. त्यांनी आपल्यापुरते विचारून घ्यावे.

तोंडी हक्कसोड चालत नाही. वारस नोंदीत बहिणीचे नाव गाळले, तरी तेवढ्याने तिचा हक्क बुडत नाही. हक्क सोडायचा की ठेवायचा हे तिनेच ठरवायचे आहे. भावाची स्थिती बिकट आहे, म्हणून एखादी बहीण आपखुशीने सोडील. ते तिचे मन. पण "सही केली नाहीस तर माहेर तुटेल" असे म्हणून सही घेणे ही खुशी नव्हे. भावांनो, ज्या बहिणीने भाऊबीजेला ओवाळायचे, तिला आधी कागद वाचू द्या. ती वाचून, समजून काय ते ठरवील. असे झाले तर माहेर तुटत नाही, उलट टिकते.

प्रश्न ५. रस्त्यावर अपघात झाला. जखमीला उचलले तर पोलीस मलाच धरतील का?

धरणार नाहीत. ही भीती घालवलीच पाहिजे, कारण या भीतीपायी माणसे रस्त्यावर तडफडून मरतात. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही, त्याच्याकडे भरपाई मागता येत नाही. पोलिसांना किंवा दवाखान्याला आपले नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक पाठ करा.

प्रश्न ६. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, "आमच्या हद्दीत नाही." मग काय करावे?

चोरी, दरोडा, बलात्कार, खून असे गुन्हे दखलपात्र असतात. त्यांची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. मग ते ठाणे ती खबर योग्य ठाण्याकडे पाठवते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हे स्पष्ट लिहिले आहे. खबर तोंडी दिली तरी पोलिसांनी ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि मग सही घ्यायची. तिची नक्कल फुकट मिळते. ती मागून घ्या. तरीही नोंद केली नाही, तर तीच हकीकत लिहून टपालाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवा. टपालाची पावती जपा.

प्रश्न ७. माझे शेत, माझे झाड. तोडले तर कोणाच्या बापाचे काय गेले?

शेत तुमचे हे खरे. पण साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर, चंदन यांसारखी काही झाडे स्वतःच्या जमिनीतलीही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. हा कायदा १९६४ सालचा आहे. आधी अर्ज करा, मग कुऱ्हाड उचला.

तसाच दुसरा प्रश्न कुंपणाचा. रानडुकरे पीक नासतात, म्हणून काही जण तारेच्या कुंपणात वीज सोडतात. डुकरांनी केलेली नासाडी खरी आहे आणि शेतकऱ्याचा संतापही खरा आहे. पण हा बेकायदेशीर उपाय आहे. आकडा टाकून वीज घेणे ही चोरी आहे. तिला ३ वर्षांपर्यंत कैद आहे. आणि त्या तारेला रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारी चिकटला, तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. गेलेला जीव तर कशानेच भरून येत नाही. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडे मागता येते. नुकसान झाल्याबरोबर अर्ज करावा.

विचारायचे कोणाला?

तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग आणि कमी उत्पन्नाची माणसे यांना तेथे सल्ला आणि वकील मोफत मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. त्याचे पैसे पडत नाहीत. कायदे बदलत असतात. म्हणून मोठा व्यवहार करण्याआधी तेथे जाऊन एकदा विचारावे. भांडण कोर्टात नेण्यासाठीच तेथे जायचे असते असे नाही. भांडण होऊच नये म्हणूनही जाता येते. असे विचारणारा माणूसच त्या म्हणीतला शहाणा.

लक्षात ठेवा

१. वाचल्याशिवाय सही नाही.
२. कोऱ्या कागदावर सही नाही.
३. पैसे दिले की पावती, अर्ज दिला की पोच.
४. कोणी म्हणाले "हे कायद्यात नाही", तर विचारा, "कोणत्या कायद्यात? लिहून द्या."

कठीण शब्द

तारण: कर्जासाठी हमी म्हणून ठेवलेली वस्तू किंवा जमीन.
मुद्दल: कर्जाऊ घेतलेली मूळ रक्कम.
हक्कसोड पत्र: मिळकतीतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद.
दखलपात्र गुन्हा: ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या हुकमाची वाट न पाहता करू शकतात असा गुन्हा.
पोच: अर्ज मिळाल्याची सही-शिक्क्याची खूण.

सांगा पाहू

१. वीस हजार रुपये "महिना तीन टक्के" दराने घेतले, तर वर्षाचे व्याज किती? वर्षाला शेकडा १२ दराने किती?
२. खरेदीखत आणि गहाणखत यांत फरक काय?
३. घरातला सातबारा आणा. 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिले आहे ते वर्गात वाचून दाखवा.