सेमिनरीत लेखन टिकेल का?

प्रश्न : मी वसईचा. जूनपासून धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत शिकायला जातोय. दर आठवड्याला ललित लिहितो. ते सोडावे लागेल का?

उत्तर : सोडू नका, वेग कमी करा. धर्मगुरूपद आणि मराठी लेखन यांचे जुने नाते आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. तुमच्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते आणि २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षही.

मिस्सा, प्रार्थना, वर्ग, मौन यांनी सेमिनरीतला दिवस बांधलेला असतो. त्यामुळे पहिल्या वर्षी रोज चार ओळींचे टिपण आणि महिन्याला एक लेख पुरे. छापायला देण्याआधी रेक्टरांशी बोला. सोबत्यांच्या खासगी गोष्टी आणि आध्यात्मिक मार्गदर्शकाशी झालेले बोलणे मात्र लेखात कधीच आणू नका.