खडीवरची सायकल : मनोरीच्या वाटेवर शिकलेला एक पाठ
(इयत्ता चौथी, गणित व परिसर अभ्यास, उपक्रम)



वर्गात एकदा सहज विचारलं, "सायकल कोणाकोणाला येते?" ३४ पैकी २९ हात वर. छान वाटलं. मग विचारलं, "सोसायटीच्या गेटबाहेर कोणी चालवलीय?" हात खाली आले. उरले चार. त्यातले दोन गावाला चालवतात, मे महिन्यात.

मुलांचा यात काय दोष? मालाडच्या रस्त्यावर आपण मोठी माणसंसुद्धा जीव मुठीत धरून चालतो. एक बाबा मला म्हणाले, "बाई, सायकल घेऊन दिली, पण चालवायची कुठं? पार्किंगमध्ये गोल गोल फिरतो बिचारा." त्या गोल गोल फिरण्यातूनच हा उपक्रम सुचला.

आपल्या अगदी जवळ एक जागा आहे. मार्वेच्या धक्क्यावरून बोटीत बसायचं, खाडी ओलांडायची की मनोरी. बोटीत सायकल चढवता येते, दुचाकीही येते, मोटारगाडी मात्र येत नाही. चारचाकीला मनोरीत यायचं तर भाईंदर, उत्तनकडून लांबचा वळसा. त्यामुळे सुट्टीचा दिवस सोडला तर रस्ते बरेचसे मोकळे. गावाच्या मागे भातखाचरांमधून, ताडामाडांच्या कडेने मातीच्या आणि खडीच्या वाटा जातात. मनोरी, गोराई, उत्तन, डोंगरी या सगळ्या पट्ट्याला जुन्या कागदपत्रांत धारावी बेट म्हणतात (झोपडपट्टीची धारावी वेगळी, मुलं हमखास गोंधळतात). चिमाजी अप्पांच्या १७३७–३९ च्या वसई मोहिमेत इथल्या टेकडीवरच्या किल्ल्यासाठीही लढाई झाली. म्हणजे इतिहासाचा तासही वाटेत मिळतो, पण आज तो विषय नाही.

डिसेंबरमधल्या एका रविवारी, भात कापून झाल्यावर, ११ मुलं, ७ पालक आणि मी असे गेलो.

जायच्या आधी वर्गात दोन तास घेतले. पहिला तास चाकाचा. टायरवर खडूची खूण केली, जमिनीवर खूण केली आणि चाक एक पूर्ण फेरा फिरेपर्यंत सायकल सरळ ढकलली. दोन खुणांमधलं अंतर मोजपट्टीने मोजलं. २० इंची सायकलीचं साधारण १५५ सेंटीमीटर आलं. "परीघ" हा शब्द नंतर सांगितला, आधी अंतर हातात आलं. मग पुढच्या आणि मागच्या चक्राचे दात मोजायला लावले. एका सायकलीला पुढे ३६ आणि मागे १८ दात होते. पायडल एकदा फिरवलं की मागचं चाक किती वेळा फिरेल? भागाकार कशाला शिकायचा असं विचारणाऱ्या मुलानेच आधी उत्तर दिलं, "दोनदा!" म्हणजे एका पायडलमागे ३ मीटर १० सेंटीमीटर. गुणाकाराचं इतकं चांगलं उदाहरण मला पुस्तकात सापडलं नव्हतं.

दुसरा तास उताराचा. एका मुलीचे वडील गवंडी आहेत. त्यांनी त्यांची पाण्याची लेव्हल नळी दिली, ती पारदर्शक लांब नळी, जिच्यात दोन्ही टोकांना पाणी सारख्याच उंचीवर राहतं. शाळेच्या उतरत्या वाटेवर १० मीटर अंतरावर दोन काठ्या उभ्या केल्या. दोन्ही काठ्यांवर पाण्याची रेघ केली आणि जमिनीपासून त्या रेघा मोजल्या. फरक आला ६० सेंटीमीटर. म्हणजे मीटरमागे ६ सेंटीमीटर, शंभराला सहा. मुलांना हे आकडे फार लागले नाहीत, पण "ही वाट किती चढाची?" या प्रश्नाला "खूप" याऐवजी "शंभराला सहा" म्हणता येतं हे त्यांना भारी वाटलं.

इथे कालव्याची गोष्ट सांगितली, कारण फरक कळायला तिच्याहून सोपी गोष्ट नाही. पुण्याला खडकवासल्यापासून मुठा कालवा निघतो, बारामतीकडे नीरा डावा कालवा जातो. दोन्ही एकोणिसाव्या शतकातले. कालव्यातलं पाणी पंपाविना शेतापर्यंत वाहत जायला हवं, पण जोरात वाहिलं तर काठ खाऊन टाकेल. म्हणून इंजिनियर डोंगराच्या कडेकडेने, वळणं घेत, किलोमीटरमागे जेमतेम वीतभर उतार ठेवतात. आपल्या १० मीटरच्या मापात तो उतार दोन-तीन मिलिमीटरसुद्धा भरायचा नाही! त्यामुळे कालव्याच्या कडेचा देखभालीचा कच्चा रस्ता सायकलसाठी जवळजवळ सपाट असतो, आजूबाजूला कितीही टेकड्या असोत. युरोपात जुन्या कालव्यांच्या कडेने होड्या ओढणारे घोडे चालायचे. फ्रान्समधला १६८१ साली पुरा झालेला कॅनाल दू मिदी त्यातलाच. आज घोड्यांच्या त्या वाटांवर माणसं सायकली चालवतात. मुंबईत कालवा नाही, पण तानसाच्या जलवाहिन्या आहेत. तानसा धरण १८९२ चं. मुलुंड, घाटकोपरच्या शिक्षकांनी आपल्या मुलांना "पाइपलाइन" दाखवून हाच प्रश्न विचारावा : पाणी इथवर कसं आलं? त्या जलवाहिन्यांच्या कडेने सुमारे ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग करायची योजना महापालिकेने आखली होती, हेही सांगा. मुलं लगेच विचारतील, "मग झाला का?" तयारीत राहा.

आता मनोरी. वाट सुरू झाली आणि माझी चूक उघडी पडली.

मी चाक शिकवलं, उतार शिकवला, पाणी वर चढत नाही हेही शिकवलं. ब्रेक शिकवला नाही. माझ्या डोक्यात आलंच नाही, कारण मुलांना "सायकल येते" ना! पण त्यांना येत होती ती पार्किंगच्या गुळगुळीत फरशीवरची सायकल. खडीच्या छोट्या उतारावर माझ्या वर्गातली एक मुलगी वेगात आली, घाबरली आणि उजव्या हाताचा, म्हणजे पुढचा ब्रेक गच्च दाबला. पुढचं चाक जागीच अडकलं, खडीवरून सरकलं आणि ती पडली. दोन्ही गुडघे आणि तळहात सोलपटले. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. तिची आई सोबतच होती. ती मला काहीच बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. पाण्याने जखमा धुतल्या, खडे काढले, पट्टी बांधली. बोटीतून परत येताना मुलगी गप्प होती. दुसऱ्या दिवशी तिच्या बाबांचा फोन आला, "मॅडम, आता सायकल बंद."

मी त्यांना आग्रह केला नाही. त्यांच्या जागी मीही तेच म्हणाले असते. पण पुढच्या आठवड्यात वर्गात जे घ्यायला हवं होतं ते घेतलं.

फरशीवर आणि पसरलेल्या खडीवर एकच चपला दोरीने ओढून पाहिली. खडीवर चप्पल सहज का घसरते? कारण चपलेखालचे खडे स्वतःच गडगडतात, पकडायला स्थिर जमीनच नसते. टायरचंही तसंच. आणि ब्रेक लावला की अंगाचं वजन पुढे जातं (बसने ब्रेक मारल्यावर आपण पुढे जातो तसं), त्यात पुढचं चाक अडकलं की ते तोल सावरू शकत नाही. मग मैदानात, मुद्दाम आणलेल्या दोन घमेली खडीवर सराव केला. उतार सुरू व्हायच्या *आधी* वेग कमी. दोन्ही ब्रेक हलके हलके, दाबा सोडा, दाबा सोडा. बूड थोडं मागे. वळताना ब्रेक नाही, वळणाआधी. टायरमधली हवा दगडासारखी कडक नको, अंगठ्याने दाबल्यावर किंचित दबली पाहिजे, म्हणजे टायर खडीवर थोडा पसरतो. मुलांनी हे सगळं अर्ध्या तासात शिकून घेतलं. अर्धा तास! तो मी आधी दिला असता तर.

एक मजेची गोष्ट त्यांना सांगितली. जर्मनीत कार्ल ड्राइसने १८१७ साली पहिली दुचाकी चालवली तेव्हा तिला पायडलही नव्हतं, ब्रेकचं तंत्र तर बाल्यावस्थेत, आणि रस्ते सगळे कच्चेच. हवेचा टायर डनलॉपने बनवला तो १८८८ मध्ये. म्हणजे सायकल मुळात मातीच्या वाटेवरच मोठी झाली, डांबर नंतर आलं. हे ऐकून पडलेली मुलगी पहिल्यांदा बोलली, "मग ते लोक किती पडले असतील!"

घमेल्यातल्या खडीवर तीही चालवून बघणार होती, पण सायकल नव्हती आणली. मी माझीच दिली, सीट खाली करून. ती तीन वेळा गेली. तिसऱ्यांदा बूड मागे होतं.

पालकांसाठी काही कामाच्या गोष्टी. मनोरीला जाणार असाल तर बोटीची वेळ धक्क्यावर विचारून घ्या, भरती-ओहोटीप्रमाणे चढउतरण्याची जागा निसरडी होते. सायकल मोठ्या माणसानेच चढवावी. समुद्राजवळच्या वाळूत चालवलीत तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने चेन धुवून, पुसून, तेल घाला, नाहीतर आठवड्यात गंज. गावात ख्रिस्ती आणि कोळी वस्ती दाट आहे, गल्ल्यांतून घंटी वाजवत, आरडाओरडा करत जाऊ नका. शेताच्या बांधावरून जायच्या आधी विचारा, बांध कोणाचा तरी असतो. आणि शक्यतो रविवार टाळा, आम्ही तो टाळू शकलो नाही.

मार्वे–मनोरी पुलाचं बोलणं बरीच वर्षं चाललं आहे. आमच्या फेरीत मनोरीच्या एका आजींना मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, रात्री दवाखान्यात न्यायचं तर पूल पाहिजेच गं. त्यांचं खरंच आहे. मुलांना घेऊन मोकळ्या वाटा शोधणाऱ्या मला ते मान्य करायला जरा जड गेलं. वर्गात मी हा प्रश्न चर्चेला ठेवला आहे : पूल आला, तर सायकलसाठी त्यावर काय हवं? मुलांची चित्रं आली की इथे टाकेन. एकीने आत्ताच पुलाच्या कडेला लाल पट्टा काढलाय आणि त्यावर लिहिलंय, "इथे खडी टाकू नये".

बाबांचा फोन परत आला होता, गेल्या शनिवारी. विचारत होते, मोठ्या माणसाला शिकवता का ते ब्रेकचं.