टॅबने विभागलेल्या माहितीचे वाचन

टंकलेखन यंत्रावर तक्ता छापताना आकडे एकाखाली एक यावेत म्हणून एक स्वतंत्र कळ असे. ती दाबताच यंत्राचा गाडा ठरलेल्या जागी जाऊन थांबे. त्या कळीचे ‘टॅब’ हे नाव संगणकातही टिकून राहिले. आस्की या चिन्हसंकेतात टॅबला ९ हा क्रमांक आहे व नव्या ओळीच्या चिन्हाला १० हा. या दोन चिन्हांच्या आधारे कोणताही तक्ता साध्या फाईलमध्ये उतरविता येतो. प्रत्येक ओळ ही एक नोंद होय. टॅबच्या अलीकडचा व पलीकडचा मजकूर हे तिचे रकाने होत.

उदाहरणार्थ, ‘जिओनेम्स’ हा जगातील स्थळनामांचा संग्रह घ्यावा. त्याच्या मुख्य फाईलमध्ये प्रत्येक स्थळासाठी १९ रकाने असतात. चौथ्या रकान्यात स्थळाची पर्यायी नावे स्वल्पविराम देऊन लिहिलेली असतात. रकानेही स्वल्पविरामानेच वेगळे केले असते, तर नाव कोठे संपले व रकाना कोठे, हे सहज कळले नसते. टॅब मात्र नावात सहसा येत नाही.

वाचनाचा पहिला नियम असा, की ओळ केवळ टॅबपाशीच तोडावी. मोकळ्या जागेपाशी तोडल्यास ‘नवी मुंबई’ या एका नावाचे दोन रकाने होतील.

दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे. लागोपाठ आलेले दोन टॅब म्हणजे रिकामा रकाना. तो गाळता कामा नये. समजा, एका नोंदीत १० वा व १६ वा रकाना रिकामा आहे आणि आज्ञावलीने ते दोन्ही गाळले. मग १७ व्या रकान्यातील आकडा १५ व्या जागी येईल. वास्तविक १५ वा रकाना लोकसंख्येचा आणि १७ वा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा. म्हणजे ५६० मीटर उंचीचे नगर ५६० वस्तीचे खेडे ठरेल! आकड्याच्या जागी आकडाच आल्याने यंत्र तक्रार करणार नाही. यास्तव प्रत्येक ओळीचे रकाने प्रथम मोजावेत. १९ ऐवजी १७ भरले, की चूक तत्काळ उघड होते.

तिसरा नियम असा, की रकान्यातील मजकुराचा अर्थ यंत्राला परस्पर लावू देऊ नये. ‘सेप्ट१’ या जनुकाचे इंग्रजी नाव तक्ते करणाऱ्या आज्ञावलीत १ सप्टेंबर ही तारीख बनून जाई. अखेर मानवी जनुकांची नावे ठरविणाऱ्या समितीने ते बदलून ‘सेप्टिन१’ केले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या मार्गदर्शक नियमांत या बदलाचा निर्देश आहे.

तात्पर्य, आधी तोडावे, मग मोजावे आणि अर्थ शेवटी लावावा.