दुष्काळ, कोयता आणि बाळंतपण

10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे प्रभाकर जनार्दन रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. रोहम आपल्या नगर जिल्ह्यातून निवडून गेलेले. त्यांचे भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केले होते. सरकारने प्रचार करावा आणि पुरेशा सोयीही पुरवाव्यात, ही मागणी होती. ठराव फेटाळला गेला. विद्यार्थ्यांनी त्यातील 'सोयी' हा शब्द ध्यानात ठेवावा.

आज उपकेंद्र आहे, आशाताई आहेत, 2014 पासून 108 ची गाडी आहे. परंतु या सोयी गावाच्या पत्त्यावर आहेत, आणि पाऊस हुकला की बाई त्या पत्त्यावर राहत नाही.

जिल्ह्याच्या उत्तरेस भंडारदऱ्याचे पाणी, कालवे, ऊस आणि कारखाने. दक्षिण-पूर्वेस पाथर्डी, शेवगाव, जामखेडची कोरडवाहू जमीन. दुष्काळ आपल्याला नवा नाही. 1972 साल अजून घरोघरी सांगितले जाते. मात्र हवामान बदलामुळे पाऊस अधिक लहरी होत आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. खरीप बुडाला की मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि कुटुंब ऊसतोडीला निघते.

नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या सुमारास गेलेली मंडळी उन्हाळ्यात परततात. एक दिवस चुकला की खाडा. मजुरी बुडते, वर दंडही बसतो. मग गरोदर बाईने तपासणीला जावे कधी? गर्भनिरोधक गोळ्या संपल्या तर परक्या गावात मागाव्यात कोणाकडे? अवकाळी पावसात फडाकडची वाट चिखलाने बंद होते, गाडी डांबरी रस्त्यावरच थांबते. कोपीजवळ न्हाणीघर नाही, पाणी मोजके. पाळीच्या दिवसांतही मोळी उचलावीच लागते. अंगावर काढलेले दुखणे पुढे थेट पिशवी काढण्यापर्यंत जाते.

शेजारच्या बीड जिल्ह्यात हे आकड्यांत दिसले. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी आली; त्यांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली होती.

आम्ही बँकेतले कारकून. मातृवंदना योजनेचा हप्ता जमा झाला का, हे विचारायला बाया काउंटरवर येतात. पैसे सरळ खात्यात येतात हे चांगलेच, पण गरोदरपणाची नोंद आणि बाळाचे लसीकरण झाल्याशिवाय येत नाहीत. एकीने पासबुकासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीतून माता-बाल संरक्षण कार्डही काढून दाखवले. भाद्रपदातली तपासणी नीट लिहिलेली होती. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत सगळे रकाने कोरे.