हातकुऱ्हाड, गारगोटी व जळका कापूस

गेल्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गास आम्ही इंग्रजीच्या जादा तासाला ‘हॅचेट’ ही कादंबरी थोडी थोडी वाचून दाखविली. गॅरी पॉल्सन या अमेरिकन ग्रंथकाराने ती १९८७ साली प्रसिद्ध केली. कथानायक ब्रायन हा तेरा वर्षांचा, म्हणजे आमच्या श्रोत्यांच्याच वयाचा. वडिलांस भेटण्यासाठी तो एका लहान विमानातून कॅनडाच्या उत्तरेकडील अरण्याकडे निघतो. वाटेत वैमानिकास हृदयविकाराचा झटका येऊन तो मरण पावतो व विमान एका सरोवरात कोसळते. ब्रायन वाचतो. निघतेवेळी आईने दिलेली हातकुऱ्हाड तेवढी त्याच्या कमरेस असते, आणि तिच्या आधारे तो त्या निर्जन प्रदेशात ५४ दिवस काढतो.

पुस्तक संपले तेव्हा वर्गातून प्रश्न आला, “सर, आपल्याला जमेल का?” या प्रश्नातूनच जानेवारीतील एका शनिवारी शाळेमागच्या माळावर ‘रानातला दिवस’ साजरा करण्याचे ठरले. विस्तव पेटविणे, पाणी पिण्याजोगे करणे, दिशा ओळखणे अशी कामे वाटून आम्ही पालकांस पत्रे धाडली.

पत्र पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी एक आई शाळेत आल्या. ऊसतोडीच्या हंगामात त्यांचा संसार पालावर असतो. मुलगी आमच्या वसतिगृहात राहते. त्या म्हणाल्या, “पाणी भरणं नि चूल पेटवणं शिकवायला शाळा कशाला, सर? त्यातनं सुटावी म्हणून तर पोरगी तुमच्याकडं ठेवली.” आम्हांस तत्काल उत्तर सुचले नाही. जे एकाला पुस्तकातले साहस, ते दुसरीच्या घरचे नित्याचे कष्ट, ही गोष्ट कामांची यादी करताना आमच्या ध्यानीही आली नव्हती. आणि ही चूक साधी नव्हे. त्या रात्री आम्ही वाटणी पुन्हा केली. ज्यांच्या घरी गॅसची शेगडी आहे त्यांनी विस्तव पेटवावा. ज्यांचे हात चुलीला सरावलेले आहेत त्यांनी सूर्य व तारे यांवरून दिशा काढाव्यात.

आता विस्तवाविषयी. कादंबरीत एके रात्री ब्रायनच्या गुहेत साळिंदर शिरते. तो अंधारात कुऱ्हाड फेकतो, ती दगडी भिंतीवर आदळते आणि ठिणग्या उडतात. पुष्कळांची समजूत अशी की ठिणगी दगडातून निघते. वस्तुतः कठीण दगड पोलादाचे अतिसूक्ष्म कण खरवडून काढतो; त्या ताज्या लोखंडाचा हवेतील प्राणवायूशी झपाट्याने संयोग होऊन ते लाल होते. म्हणजे जळते ते लोखंड. यासाठी दगड पोलादाहून कठीण हवा. आमच्या मुलांनी प्रथम माळावरचा काळा दगड घेतला व लोहाराकडून आणलेल्या जुन्या कानशीवर तो अर्धा तास आपटला. पदरी पडला तो भुगा. मग ओढ्यातून पांढऱ्या गारगोट्या आणल्या. आपले दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे आहे. त्या लाव्ह्यात बुडबुड्यांमुळे राहिलेल्या पोकळ्यांत पुढे गारगोटी, अकीक इत्यादि कठीण खडे तयार झाले. गारगोटीच्या धारेवर कानशीचा पहिलाच तिरपा घाव बसला आणि ठिणग्या सांडल्या. मुलांनी असा आरडाओरडा केला की शेजारच्या शेतातील माणसे धावत आली!

परंतु ठिणगी म्हणजे विस्तव नव्हे. वाळल्या गवतावर ती पडताच विझे. ब्रायनचेही असेच होते. गवत, काटक्या, एवढेच नव्हे तर खिशातली वीस डॉलरची नोटही फाडून झाल्यावर भूर्जाच्या सालीचे केसासारखे बारीक धागे त्याच्या कामी येतात. आमच्याकडे भूर्ज नाही. तेव्हा शाळेच्या वृद्ध पहारेकऱ्यांनी आपल्या आजोबांची चकमकीची रीत सांगितली. सुती चिंधी झाकणाच्या डब्यात घालावी, झाकणास बारीक भोक ठेवावे व धूर थांबेपर्यंत डबा निखाऱ्यावर तापवावा. कोंडलेल्या हवेत चिंधी पेटत नाही, कोळसा होते. आणि हा कोळसा इवलीशी ठिणगीही धरून ठेवतो. ती चिंधी नारळाच्या काथ्यात गुंडाळून हळूहळू फुंकर घातली तेव्हा चाळीस मिनिटांनी ज्योत निघाली. (डबा तापविण्यास आगपेटी लागली, ही लबाडी मुलांनी लगेच पकडली. आम्ही ती कबूल केली.)

सरपणासंबंधी एक सूचना येथेच देतो. माल्टा बेटावर पौल प्रेषिताने काटक्यांचा भारा शेकोटीवर टाकताच त्यातून विषारी साप निघाल्याची हकिकत पवित्र शास्त्रात आहे. आपल्या माळांवर दगडाआड व पाचोळ्यात फुरसे दडते. काटकी उचलण्यापूर्वी लांब काठीने ती उलथून पाहावी.

कादंबरीतील सर्वच गोष्टी अनुकरणीय नाहीत. ब्रायन अनोळखी फळे खाऊन आजारी पडतो. आपल्या बांधांवर मोगली एरंडाच्या बिया मुले शेंगदाण्यासारख्या खातात व दवाखान्यात जातात. गुंज व धोतरा यांनी तर प्राणही जातो. ब्रायन सरोवराचे पाणी तसेच पितो. आपण ते फडक्याने गाळून, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे.

दिशा शोधणाऱ्यांचे काम निमूटपणे चालले होते. त्यांनी सपाट जमिनीत काठी रोवली, सावलीच्या टोकाशी खडा ठेवला व वीस मिनिटांनी नव्या टोकाशी दुसरा. पहिल्या खड्यापासून दुसऱ्याकडे जाणारी रेघ पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. कारण सूर्य पश्चिमेस सरकतो तशी सावली पूर्वेस सरकते. आमच्या पाहुण्या बाईंची मुलगी याच गटात होती. सकाळी चुलीपाशी बोलाविले असता तिने “मला येतं” एवढेच उत्तर दिले होते.

सायंकाळी पालक मुलांस नेण्यास आले, तरी ती जाईना. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका उंच, जवळजवळ तितकाच त्या स्थळाचा अक्षांश, हे तिला पडताळून पाहावयाचे होते. आमचा अहिल्यानगर जिल्हा १९ अंशांच्या आसपास. ब्रायनच्या अरण्यात हाच तारा कितीतरी वर दिसतो. कोनमापकाच्या सरळ कडेस सरबताची नळी चिकटवून मध्यबिंदूस तिने दोऱ्याने खडा टांगला होता. नळीतून पाहिले की दोरा कोन दाखवी. पहिल्या वेळी २४ अंश आले, दुसऱ्या वेळी २२. तिसऱ्या वेळी आई मागे उभ्या राहिल्या व त्यांनी लेकीचे कोपर धरून हात स्थिर केला. बॅटरीच्या उजेडात आम्ही आकडा वाचला तो २० होता. “अजून एक अंश कुठं गेला?” असे आईंनी विचारले, आणि कोनमापक सोमवारपर्यंत घरी नेण्याची परवानगी मागितली.