उसवता येणारी चूक

दहावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस माझ्याकडे आईवडिलांची ये-जा सुरू असते. गेल्या वर्षी आलेल्या एका वडिलांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. मुलीला सत्तर टक्के मिळाले होते आणि ती आयटीआयला ड्रेस मेकिंग घेते म्हणून हटून बसली होती. "सर, ब्लाउज शिवणं हे काय शिक्षण झालं? ते तर घरबसल्याही येतं."

मुलीच्या अंगात अंब्रेला घेराचा ड्रेस होता, तिनेच शिवलेला. घेर कसा कापलास, असं विचारलं तर म्हणाली, "कंबर २८, भागिले ६.२८. साडेचार इंच त्रिज्या." पहिल्या वेळी तिने ३.१४ ने भागलं होतं. म्हणजे व्यासालाच त्रिज्या धरलं. कंबर झाली ५६ इंचांची आणि घेर थेट पायांत उतरला! हीच चूक गणिताच्या पेपरात झाली असती तर एखादा गुण गेला असता. इथे आईने आणलेलं कापड गेलं. त्यानंतर त्रिज्या आणि व्यास यांतला फरक तिला कुणी समजावून सांगावा लागला नाही. मी वडिलांना म्हटलं, तुम्ही विचारता ते शिक्षण हेच.

मशीनही असंच रोखठोक असतं. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी झाली की नवशिका बॉबिन काढून बघतो, पुन्हा भरतो, पुन्हा बसवतो. दोष मात्र बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. खाली दिसणाऱ्या बिघाडाचं कारण वर शोधायचं, ही सवय एकदा लागली की पुढे मोटार दुरुस्त करतानाही कामी येते आणि हिशेबातली चूक शोधतानाही.

आणि समाधानाचं काय? वर्गात वर्षानुवर्षं "लक्ष नाही" हे ऐकत आलेलं मूल पहिल्यांदा बाही जोडतं, तेव्हा त्याच्याकडे बघा. बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा किंचित मोठी असते. ती चुणी न पडू देता बोटांनी जिरवत न्यावी लागते. बाही नीट बसली की ते कुणी सांगायची गरज नसते, अंगात घातल्यावर कळतंच. असा निखळ होकार काही मुलांना शाळेच्या दहा वर्षांत एकदाही मिळालेला नसतो. मला याचं फार वाईट वाटतं.

आता पुढच्या वाटा. आयटीआयमधले ड्रेस मेकिंग आणि सुइंग टेक्नॉलॉजी हे अभ्यासक्रम एका वर्षाचे आहेत. त्यानंतर कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते. कपड्यांच्या उद्योगात केवळ शिलाईचं काम नसतं. पॅटर्न मास्टर लागतो, नमुना शिवणारा लागतो, तपासनीस लागतो, मशीनचा मेकॅनिक लागतो. सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने आहेत. बारावीनंतर फॅशनचं शिक्षण देणाऱ्या निफ्ट या संस्थेची वाटही खुली असते. तिचं मुंबईचं केंद्र खारघरला आहे. तिथल्या डिझाइनच्या प्रवेशात दिलेल्या साहित्यातून हाताने वस्तू घडवण्याची परीक्षाही असते. ज्या मुलाचे हात आधीच कामाला सरावलेत, त्याला तिथे घाम फुटत नाही.

कष्टही सांगायला हवेत. मान आणि पाठ धरते, डोळ्यांवर ताण येतो. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत रात्री जागाव्या लागतात. कारखान्यात नगावर पैसे मिळत असतील तर हात संथ असेपर्यंत कमाई तुटपुंजी राहते. घरी काम करणाऱ्या बाईला तर "एवढंसंच तर आहे" म्हणत ओळखीपाळखीची माणसं फुकट राबवून घेतात. म्हणून पहिल्या फॉल-पिकोपासूनच दर ठरवा, हिशेबाची वही ठेवा. हे शिवणाइतकंच मन लावून शिकावं लागतं.

निवड चुकली तर? त्या वडिलांनीही शेवटी हेच विचारलं. उत्तर मुलीनेच दिलं. "बाबा, शिवलेलं उसवता येतं. कापलेलं जोडता येत नाही, म्हणून माया सोडून कापायचं." मायेचं ते जादा कापड आत दुमडलेलं असतं, अंग भरलं की शिवण उसवून कपडा सैल करता येतो. ती सोळा वर्षांची होती आणि अभ्यासक्रम एका वर्षाचा. बारावी त्यानंतरही करता येते.

लेकाला किंवा लेकीला खरंच यात रस आहे का, हे बघायचं असेल तर लगेच मशीन विकत घेऊ नका. जुन्या सुती साडीचा तुकडा द्या आणि उशीचा अभ्रा हातशिलाईने शिवायला सांगा. आधी कच्चा टाका, मग पक्का. उलटवण्याआधी कोपऱ्याची माया तिरपी कापली की कोपरा टोकदार येतो, हे मात्र लगेच सांगू नका. पहिले चारही कोपरे बोथट येतील. मूल ते उसवायला बसतं का, तेवढं बघा.