वाऱ्याचा वेग आणि संगणकाचे गणित

पवनचक्की उभारावयाची ती भरपूर वारा असलेल्या ठिकाणीच, हे सांगण्यास शास्त्राची आवश्यकता नाही. परंतु 'भरपूर' म्हणजे नेमका किती, आणि तो पुढील वीस-पंचवीस वर्षे लाभेल काय, या प्रश्नांच्या उत्तरांवर प्रकल्पाची गुंतवणूक, त्यासाठी काढलेले कर्ज आणि पठारावरील शेतकऱ्याने दिलेली जमीन यांचे भवितव्य अवलंबून असते. ही उत्तरे शोधण्याच्या कामी आज संगणकाचे मोठे साहाय्य होत आहे. त्याचे कार्य कसे चालते व त्याच्या मर्यादा कोणत्या, याची ओळख करून घेणे उद्बोधक ठरेल.

पुण्याची परंपरा

वाऱ्याच्या अभ्यासाशी पुणे शहराचे नाते जुने आहे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. पुढे ते दिल्लीस गेले, तरी शिवाजीनगरमधील त्याची वास्तू पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' या नावानेच ओळखतात. १९४८ मध्ये याच खात्यात पुणे येथे रुजू झालेल्या ॲना मणी यांनी सहकाऱ्यासमवेत भारतातील पवनऊर्जेची आकडेवारी १९८३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था १९६२ पासून पुण्यात आहे आणि राज्यातील अपारंपरिक ऊर्जेच्या विकासाचे काम पाहणाऱ्या 'महाऊर्जा'चे मुख्यालयही येथेच आहे.

लहान चूक, मोठे नुकसान

वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला, तर शक्ती आठपट होते. सेकंदाला ७ मीटर वेग गृहीत धरला आणि प्रत्यक्षात तो ६.३ मीटरच निघाला, तर वेगातील चूक केवळ १० टक्क्यांची. पण वाऱ्यातील शक्ती मात्र सुमारे २७ टक्क्यांनी घटते. यंत्राच्या रचनेमुळे विजेतील घट याहून काहीशी कमी राहते. तथापि कर्जाचे हप्ते चुकण्यास तेवढीही पुरेशी असते.

अंदाज कसा बांधतात?

हे काम पायरीपायरीने चालते. प्रथम, जगभरातील हवामान-नोंदींच्या आधारे तयार केलेली मागील अनेक दशकांची माहिती घेतात. मात्र तिचा एकेक चौकोन सुमारे ३० किलोमीटर रुंदीचा असतो. एवढ्या चौकोनात सातारा जिल्ह्यातील सह्याद्रीचा माथा आणि पायथ्याचे खोरे ही दोन्ही सामावून जातात व दोहोंचा वारा एकच गणला जातो. म्हणून दुसऱ्या पायरीवर हवेच्या गतीची समीकरणे अवघ्या काही किलोमीटरच्या चौकोनांत सोडवितात. तिसऱ्या पायरीवर डोंगराचे चढउतार, झाडी, पिके व इमारती यांचा परिणाम प्रत्येक पवनचक्कीच्या जागेपुरता काढतात. डेन्मार्कमधील रिसो प्रयोगशाळेने १९८७ मध्ये विकसित केलेली संगणकप्रणाली याच तिसऱ्या पायरीसाठी वापरात आली.

या प्रयोगशाळेच्या सहकार्याने चेन्नईच्या पवनऊर्जा संस्थेने २०१० मध्ये भारताचा पवननकाशा प्रसिद्ध केला. या संस्थेच्या पुढील अंदाजांनुसार महाराष्ट्राची क्षमता १०० मीटर उंचीवर सुमारे ४५ हजार मेगावॅट, तर १२० मीटर उंचीवर सुमारे ९८ हजार मेगावॅट आहे.

सह्याद्रीचा स्वभाव

सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडी ही पठारे समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर आहेत. पश्चिमेकडून येणारा मोसमी वारा कड्यावर चढताना वेग घेतो. सौम्य उताराच्या टेकडीवर हा वाढीव वेग संगणक बऱ्यापैकी अचूक सांगतो. परंतु उभ्या कड्याच्या काठावर प्रवाह जमिनीपासून सुटतो व भोवरे निर्माण होतात. तेथे साध्या प्रणालीचे उत्तर वास्तवापेक्षा अधिक येण्याचा धोका असतो. शिवाय भोवऱ्यांमुळे पात्यांवर ताण येतो तो निराळाच. माथ्यावर वाढीव वेगाचा जोर जमिनीलगत अधिक असल्याने, उंचीबरोबर वेग वाढण्याचा सपाट प्रदेशातील नियम तेथे जसाच्या तसा लावता येत नाही. इतक्या उंचीवर हवा दहा-बारा टक्क्यांनी विरळ असते, हेही हिशेबात धरावे लागते.

मनोऱ्याची साक्ष

यासाठी प्रत्यक्ष जागेवर मनोरा उभारून निरनिराळ्या उंचीवर वेग व दिशा यांची नोंद घेणे अपरिहार्य ठरते. ही नोंद निदान पूर्ण वर्षाची हवी. आपल्या राज्यात पवनविजेचा हंगाम मुख्यतः मे ते सप्टेंबर असल्याने, केवळ पावसाळ्यातील मोजमापावरून वर्षाची सरासरी ठरविणे म्हणजे सुगीच्या दिवसांवरून वर्षभराच्या कणगीचा हिशेब करणे होय. एका वर्षाची नोंदही मागील अनेक वर्षांच्या माहितीशी ताडून पाहावी लागते, कारण सर्व वर्षे सारख्याच वाऱ्याची नसतात.

संगणक शेकडो जागांतून मोजक्या जागा निवडून देतो आणि एका मनोऱ्याची नोंद आसपासच्या पठारावर पसरवून दाखवितो. मात्र त्याला पुरविलेली माहिती सदोष असेल, तर त्याचे उत्तरही सदोषच निघणार. गणिताला मोजमापाची जोड आणि अंदाजासोबत संभाव्य चुकीचे प्रमाण नमूद करण्याचा प्रामाणिकपणा, या दोन गोष्टी पाळल्या, तर सह्याद्रीवरील वारा गावाच्या आणि राज्याच्याही खऱ्या उपयोगी पडेल.